आत्तीची काहील

म्हाताऱ्या शेजारनीनं माझं मनगट धरलं हुतं आन् दुसऱ्या हातात दगड घेतला हुता, बांगड्या फोडाय. मांडीवर पोर अंगावर पीत हुती, तिचं तोंड सुटलं आन् ती किंचाळाय लागली, बाया गळा काढाय लागल्या, कुनीतरी माझं कुक्कू पुसाय पदर फुडं केला, आन् मी नुसती बगत बसली, जनू दुसऱ्याच कुनाचं मनगट हाय. भर दुपारचं. फुडं लामावरनं, म्हंजे लढाईवरनं, सुट्टीला आल्याला शिपाई मान खाली घालून बसल्याला. त्यानंच नुकतं सांगितलं हुतं, बापू गेला म्हनून.

पर आसं मधनंच सांगून कळायचं न्हाई. आधी धाकल्या आत्ती सांगाय पायजेत.

धाकल्या आत्ती म्हंजे माझ्या चुलतसासूबाय. कृष्णेच्या दोनी काठाला हिंडा, दगडाला बोलतं करील आसं मानूस त्येवढंच. आमच्या गुराळातली गुळाची काहील, म्हंजे रस आटवायची मोठी कढई, तळाला फुटली म्हनून दारात उपडी टाकली हुती. दुपारची भाकरी झाली, गुरं घरी याय अजून वेळ हाय, तवा आत्ती रस्त्यानं चालल्याल्या कुनाला बी हाक मारायच्या, "आवं पाव्हनं, जरा बसा की!" आन् त्या काहिलीवर बसवायच्या. भवतीनं आमी बाया, कुनी शेंगा फोडतिया, कुनी वाकळ शिवतिया. काहिलीचं लोखंड झिजून पातळ झाल्यालं, जरा बूड हाललं की ढंय्य करून वाजायची. मानूस खोटं बोलाय लागला की बूड हालतंच, आसं आत्तीचं म्हननं. मग त्या बोट नाचवायच्या, "वाजली! आता खरं सांगा."

पाव्हन्याला गुळाचा खडा द्यायच्या, पानी मातर बोलनं सरल्याबिगर न्हाई. म्हनायच्या, "पानी पिला की मानूस उत्तर गिळतो." येकच इच्यारायच्या आन् गप बसायच्या, पापनी बी हालवायच्या न्हाईत. त्या गप बसन्यालाच मानूस भ्यायचा आन् घडाघडा बोलाय लागायचा. येका पेन्शनीतल्या म्हाताऱ्याला त्यांनी इच्यारलं, "तुमी समिंदर बगितला म्हनं. पयलं काय आठवलं?" म्हाताऱ्यानं गुळाचा खडा ह्या गालातनं त्या गालात सारला. मग म्हनला, "आमची हीर आठवली." आत्ती तरी गपच. तवा म्हनला, "मग वाटलं, येवढं पानी हाय, पर मोट कुटनं लावायची?" आमी हासून हासून शेंगा सांडल्या, आन् म्हाताऱ्याच्या डोळ्यात पानी. कासाराला म्हनल्या, "इतक्या बायांचं हात धरतोस, हात काय सांगत्यात रं?" त्यो म्हनला, "सासरी नव्या आल्याल्या पोरीचा हात भर उनात बी गार आसतो, काकू." माझा हात तवा त्याच्याच हातात हुता. मी वडून घेतला.

आदी आमी घरच्याच चौघी बसायचो. मग गल्ली आली, मग खालची वाडी, मग कुंडलाकडं बाजारला जानाऱ्या बाया वाट वाकडी करून याय लागल्या. गडी उघड बसायचं न्हाईत, कडब्याच्या गंजीआड बसून आयकायचं. आत्तीला ठावं हुतं. मोठ्यानं म्हनायच्या, "आज गंजीला लय कान फुटल्यात बया!" मिरजंच्या दवाखान्यात पोट फाडून घिऊन जित्ती आल्याली येक बाई बसली तवा तर दारात पाय ठिवाय जागा न्हाई. मी येकदा म्हनली, "आवं आत्ती, तुमी बसा की काहिलीवर." तर म्हनल्या, "मी बसली तर फुटंल ती."

आन् मग त्यो शिपाई आला. फुडच्या गावचा, मिरज टेशनावर उतरून चालत चालल्याला. माझं मानूस लामावर गेल्यालं. दिवाळी गेली, बेंदूर गेला, खबर न्हाई. पोर पोटात हुती तवा गेल्यात, तिचं तोंड बी बगितलं न्हाई. आत्तीनी मला म्हईनाभर त्याच आशंवर ठिवलं हुतं, कोन तर येईलच ह्यांच्या पलटनीतला.

आता आमच्या घरचं येक हाय. ह्यांचं नाव ह्यांच्या आज्याचं ठिवल्यालं, म्हंजे आत्तीच्या सासऱ्याचं. मी नवऱ्याचं नाव घ्याची न्हाई, आत्ती सासऱ्याचं घ्याच्या न्हाईत. म्हनून घरात, गावात समदी बापूच म्हनत्यात, खरं नाव भाईर कुनाला ठावं बी न्हाई. आत्तीनी त्याला काहिलीवर बसवून इच्यारलं, "आमचा बापू कुटं भेटला का? उंच, सावळा, कान मोडल्याला." शिपायाचं तोंड उतरलं. म्हनला, "कुस्ती खेळायचा त्यो? व्हय, माज्याच संगं हुता. नदीच्या उतारावर गोळी लागली. तार कवाच आली आसंल की घरी." काहील वाजली न्हाई.

मग त्यो दगड.

तवाच ढंय्य झालं. आत्ती काहिलीवर चढल्या हुत्या. "थांबा! तालमीत गेल्याल्या निम्म्या गड्यांचं कान मोडल्यालं आसत्यात, आन् घरटी येक बापू हाय. पोरी, नाव घे!" माझ्या तोंडातनं नाव निघंना. नाव घेतलं की नवऱ्याचं आविष्य कमी हुतं, आसं आई सांगायची. घेतलं तर जित्तं मानूस मीच मारीन, न्हाई घेतलं तर ह्या बाया आत्ताच मारत्यात. मी पोरीला घट्ट धरलं, बास.

आत्ती माझ्याकडं बगत हुत्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर फुडं वडला आन् नाव घेतलं. आख्खं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. त्या घरात नांदाय आल्यापासनं जे जिभंवर आलं नव्हतं, ते गंजीपतूर आयकू जाईल आसं.

शिपाई उठूनच उभा ऱ्हायला. "न्हाई न्हाई! त्यो नव्हं. आमचा बापू दुसऱ्या नावाचा, कृष्णेपल्याडचा." शेजारनीनं दगड टाकला. बाया हासल्या, मी हासली, कुनी माझ्या तोंडात गुळ कोंबला. येकट्या आत्ती हासल्या न्हाईत. हळूच काहिलीवरनं उतरल्या आन् म्हनल्या, "नदीपल्याड कुनीतरी आत्ता भाकरी थापत आसंल. आन् आपुन गुळ खातोय."

त्या दिसापासनं समदं इसकटलं. थोरल्या आत्ती, म्हंजे माझ्या सासूबाय, म्हनल्या, सासऱ्याचं नाव चव्हाट्यावर घेतलं, आता ह्या घरावर काय येतंय बगा. म्हाताऱ्या यायच्या बंद झाल्या, मग वाडी, मग गल्ली. पर खरं सांगू, बाया आल्या आसत्या. आत्तीनीच हाक मारायची सोडली. रस्त्यानं पाव्हनं जायाचं, त्या बगायच्या, तोंड उघडायच्या आन् मिटायच्या. काहिलीखाली कोंबडी अंडी घालाय लागली.

लढाई सरली म्हनत्यात. ह्यांची खबर अजून न्हाई.

परवा दुपारच्याला येक बाई आली, काखंला पोरगं. माझ्याच वयाची. नदीपल्याडनं चालत आल्याली, घामानं भिजल्याली. म्हनली, "हितं लामावरच्या मानसांची खबर इच्यारत्यात म्हनं. आमच्या घरी ना तार, ना कोन." आन् न सांगताच काहिलीवर टेकली. मग तीच फुडं बोलली, "नाव कसं घिऊ? आमच्यात बापू म्हनत्यात. कान मोडल्याला हाय." तिच्या हातात हिरव्या बांगड्या, भरगच्च, नव्या भरल्याल्या. "तुमास्नी कुनी काय सांगितलं का वो?"

आत्ती उठल्या, आत गेल्या, तांब्याभर पानी घिऊन आल्या. मला वाटलं तिला देत्यात. तिला न्हाई दिलं. माझ्या हातात दिलं, आन् माझ्या पोरीला उचलून आत घिऊन गेल्या.

तांब्या गार हुता. ती बाई माझ्या तोंडाकडं बगतिया. तिचं पोरगं माझ्या बांगड्या वडतंय. तुमी माझ्या जागी आसता, तर काय केलं आसतं? सांगितलं आसतं, का पानी पिला आसता?