मांजरीचे नवरात्र

ज्याने खांबातून प्रकट होताना मनुष्य आणि पशू यांच्यामधली सीमारेषाच पुसून टाकली, ज्याचे मुख सिंहाचे असूनही बालकाच्या मस्तकावर ठेवलेला हात मातेच्या हाताइतका मृदू होता, त्या आमच्या कुलस्वामीला, पोखर्णीच्या नृसिंहाला, प्रथम साष्टांग नमस्कार. आज वैशाख शुद्ध षष्ठी. घरी देवाचे, नृसिंह जयंतीपर्यंतचे, नवरात्र बसले. गतवर्षी याच दिवसांत माझ्या हातून एक अपराध घडला, आणि त्याचे क्षालन करता करता काही अशा दुपारी वाट्याला आल्या, की त्या जागेपणी अनुभवल्या की स्वप्नात, हे मला आजही सांगता येत नाही. देवाजवळ दिवा लावून झाल्यावर ते सारे लिहून ठेवावे असे वाटले.

चौदा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीने पावसात भिजलेले मांजराचे पिल्लू पदराखाली घालून घरी आणले. राखाडी अंग, पांढरे पाय. तिला आम्ही नाव असे दिलेच नाही. ती तरुण होती तोवर पत्नी तिला 'बाई' म्हणत असे, आणि पुढे तिच्या मिशा पांढऱ्या झाल्यावर 'म्हातारी' म्हणू लागली. ही म्हातारी सकाळी माझ्या पूजेच्या वेळी उंबऱ्याच्या अलीकडे बसे आणि नैवेद्य झाला की दूधभात खाई. देवघरात तिने कधी पाऊल टाकले नाही. मी आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवले. परंतु पाठ चालू असताना इतके स्थिर बसणारा विद्यार्थी मला क्वचितच मिळाला.

गतवर्षी नवरात्राच्या आधी धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी पत्नी जिंतूरला गेली. घरी मी आणि म्हातारी. षष्ठीला मी व्रत धरले. दिवसातून एकदा फलाहार, बाकी पाणी. त्याच दिवशी म्हातारीने दूधभात सोडला. ती वाटीपाशी आली, वाटीसमोर बसली, डोळे मिटले, आणि काही वेळाने उठून सावलीत जाऊन पडली. दुसऱ्या दिवशीही तसेच, तिसऱ्या दिवशीही तसेच.

माझ्या मनाला जो अर्थ सुचला तो लिहिताना आज लेखणी अडखळते. मला वाटले, हिने व्रत धरले. इतकी वर्षे उंबऱ्यापाशी बसून जे ऐकले ते हिच्या वृद्ध देहात पिकून आले. अन्नासमोर बसून डोळे मिटणे म्हणजे अन्न देवाला अर्पण करणे, असा मी त्याचा अन्वय लावला, आणि तो अन्वय मला इतका गोड वाटला की सायंकाळी पाठाला येणाऱ्या मंडळींना मी तो सांगितलाही. दोघीतिघींनी तिला लांबून हात जोडले. मीही जोडले.

आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत एक धनगरीण राहते. मेंढ्या राखते, शेळ्या पाळते, कापूस वेचणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या रानात कामाला जाते. तिसऱ्या दिवशी ती ताकासाठी आली होती. म्हातारीकडे पाहून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"गुरुजी, मांजर खायना का?"

"तिचा उपवास आहे," मी म्हणालो.

"जनावराला कशाचा आलाय उपास! दुखणं हाय तिला. तोंड बघा तिचं."

मी मंद हसलो. सर्व प्राणिमात्रांत एकच चैतन्य कसे वसते, ते मी तिला सावकाश समजावून सांगितले. तिने पदराने गळ्यावरचा घाम पुसला, ताकाचा तांब्या उचलला आणि "लय शिकलेलं माणूस तुमी, मी काय सांगू," असे म्हणून निघून गेली. तिच्या स्वरातला टोला मला त्या वेळी ऐकू आला नाही. पाचव्या दिवशी म्हातारीच्या कानाची आतली कातडी पिवळसर दिसली. ती सकाळच्या उन्हाची झाक असेल असे समजून मी जपाला बसलो.

सहाव्या दिवशी दुपारच्या गाडीने पत्नी परतली. पिशवी खाली ठेवण्याआधीच तिने म्हातारीला हाक मारली. म्हातारीने मान उचलली, पण उठली नाही. पत्नीने तिला मांडीवर घेतले, कान उलटून पाहिला, हिरडी पाहिली.

"अहो, ही हळदीसारखी पिवळी झालीय! काय करायलात तुमी घरात बसून?"

मी व्रताविषयी सांगू लागलो. तिने माझ्याकडे असे पाहिले की वाक्य अर्ध्यावरच थांबले. पाच मिनिटांत टोपली, टोपलीत तिचे जुने लुगडे, लुगड्यात म्हातारी, आणि आम्ही दोघे रिक्षात. परभणी शहराच्या वेशीपाशी ती म्हणाली, "हिला मोक्ष मिळाला असता तुमच्या हातून. मला मांजर नसतं मिळालं."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींएवढ्या असतील. त्यांनी रक्त घेतले, पोटावर यंत्र फिरवून पाहिले, तोंड उघडून आत दिवा धरला. मागची दाढ मुळाशी सडली होती. म्हातारीला भूक होती. चावता येत नव्हते. वाटीसमोर बसून ती डोळे मिटत होती ते वेदनेने.

"किती दिवस झाले खाल्लं नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"सहा," मी म्हणालो. चार दिवसांपूर्वी हाच आकडा वाढत जावा म्हणून मी आनंदात होतो.

त्यांनी फार शांतपणे समजावले. मांजराचे शरीर उपाशी राहू शकत नाही. अन्न थांबले की अंगातली चरबी सुटून यकृतात येते, यकृत तिच्याखाली दबते, मग कावीळ होते, मळमळ वाढते, आणि मांजर आणखीच खाईनासे होते. यातून बाहेर यायला अन्न हेच औषध. ते ती तोंडाने घेणार नाही, म्हणून मानेच्या बाजूने अन्ननलिकेत एक बारीक नळी बसवावी लागेल आणि काही आठवडे तिच्यातून भरवावे लागेल. वय पाहता ती वाचेलच असे सांगता येणार नाही.

"भरवणार कोण?" त्यांनी विचारले.

पत्नीने माझ्याकडे बोट केले. "हे."

सडकी दाढ काढून, मानेला नळी आणि नळीभोवती मऊ पट्टी बांधून म्हातारी तीन दिवसांनी घरी आली. बरोबर तिच्या अन्नाचे डबे आले, आणि ते अन्न सामिष होते. दवाखान्यातच मी हळूच विचारले होते, की वरणाचे पाणी चालणार नाही का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गुरुजी, ती मांजर आहे. तिचं जेवण तिला द्या." ज्या घरात नवरात्रात कांदासुद्धा चिरला जात नाही, तिथे मी असा डबा कसा उघडणार होतो? मागच्या पडवीत तो हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो.

पत्नी दारातून पाहत होती. म्हणाली, "तुमच्या देवाचं तोंड कुणासारखं आहे, तेवढं एकदा आठवा. मग उघडा."

मी डबा उघडला.

पहिल्या दिवशी पाच वेळा भरवले आणि पाच वेळा आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या आंघोळीला पत्नीने बादलीच उचलून नेली. "हौदात थेंबभर पाणी उरलंय. हात धुवा, पुरे." त्या दिवसापासून मी हात धुऊ लागलो. देवाने काही म्हटले नाही.

भरवण्याची रीत अशी होती: अन्न कोमट पाण्यात मिसळून गाळून घ्यायचे, मनगटावर थेंब टाकून पाहायचे, आधी नळीतून थोडे पाणी सोडायचे, मग पिचकारीने अन्न, आणि शेवटी पुन्हा पाणी. अन्न फार सावकाश गेले पाहिजे. घाई झाली की ओकारी होते. घड्याळाचा बारीक काटा मला दिसत नाही. तेव्हा मी माझे मोजमाप शोधले. पिचकारीवरची एक रेघ, एक अनुष्टुभ. नित्यपाठातला एक श्लोक पूर्ण म्हणायचा, तेवढ्या वेळात एक रेघ सरकू द्यायची. चाळीस रेघा, चाळीस श्लोक. पाठात कधी माझा चरण लवकर संपला तर म्हातारी मळमळून ओठ चाटू लागे. मग मी थांबत असे आणि तिचा घसा शांत झाल्यावर तोच चरण पुन्हा म्हणत असे.

त्या दुपारी मला अजून वेढून आहेत. बाहेर उन्हाने पांढरा पडलेला रस्ता, आत पंख्याची संथ घरघर, ओल्या वाळ्याचा वास, भिंतीला टेकलेला मी आणि मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली ती. श्लोक ओठांतून निघत आणि नळीत उतरत असे वाटे. मध्येच माझेही डोळे जड होत. बोटे मात्र जागी राहत. त्या ग्लानीत मी एका रुंद, उथळ पाण्यात उभा असे; पलीकडच्या तीरावर धुके, आणि म्हातारी पाण्यावरून, पाय न भिजवता, हळूहळू तिकडे निघालेली. मी तिला हाक मारत नसे, कारण हाकेसाठी नाव नव्हते. मी फक्त पुढचा श्लोक म्हणे. ती थांबे. कान मागे वळवी. चरण संपेपर्यंत तशीच उभी राही. मग मांडीवरचे ऊबदार ओझे पुन्हा जाणवे, आणि दिसे की पिचकारी रिकामी झाली आहे आणि ती अजून इथेच आहे.

अशाच एका दुपारी मला माझे सारे उपवास आठवले. बालपणापासूनच्या एकादश्या, सोमवार, नवरात्रे. प्रत्येक वेळी घरात अन्न होते, आणि मी ते बाजूला सारत होतो. जिला ते हवे असून घेता येत नव्हते, तिच्या वेदनेला मी माझ्या पुण्याचे वस्त्र नेसवले, आणि वर त्याला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मी धनगरणीच्या खोपटापाशी गेलो. ती शेळीचा खूर पाहत बसली होती.

"तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

ती क्षणभर संकोचली, मग तिला हसू आवरेना. "आता काय बोलावं गुरुजी तुमाला! आमच्या शेळीनं तोंड फिरवलं की आमी तिच्याम्होरं पोथी वाचत न्हाई. जबडा उघडून बघतो." आणि लगेच हळुवार होऊन, "हागते-मुतते का नीट?"

"हो."

"मग जगंल. न्हाई जगली तर तुमी भरवायलात, एवढं तिला कळायलंय."

तिसऱ्या आठवड्यात नळी तुंबली. कोमट पाणी थोडे थोडे सोडत, ओढत, पुन्हा सोडत आम्ही दोघे अर्धी सकाळ बसलो. पत्नी पिचकारी धरे, मी नळी. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण इतक्या जवळ बसून, न बोलता, एकच काम आम्ही क्वचित केले असेल. नळी मोकळी झाली तेव्हा ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "जमायला लागलं तुमाला." रिक्षातल्या त्या वाक्यानंतरचे तिचे हे पहिले मऊ बोलणे.

कानांचा पिवळा रंग उतरू लागला. आधी कडा, मग आतला भाग. वजन मात्र वाढेना, आणि आपणहून ती काहीच खाईना. डॉक्टरीणबाई म्हणत, "भरवत राहा. भूक परत यायला वेळ लागतो. काहींची येते." उरलेले वाक्य त्या बोलत नसत.

पाचव्या आठवड्यातली एक सकाळ. अन्न कोमट करून मी वाटीत काढले होते आणि पहिला श्लोक पुटपुटत पिचकारी पुसत होतो. मांडीवरून मान पुढे आली. तिने पिचकारीचे टोक हुंगले. मग माझे बोट, ज्याला अन्न लागले होते, ते चाटले. जीभ खरखरीत होती, कोरडी नव्हती. मी वाटी जवळ सरकवली, इतकी हळू की मलाच ती सरकली की नाही कळेना. इतक्या वर्षांचा पाठ, आणि पुढचा शब्द आठवेना.

"बोलू नका," दारातून पत्नी कुजबुजली. "हलू नका."

म्हातारी वाकली. एकदा चाटले. थांबली. मग तिने तोंड वाटीत घातले आणि खाऊ लागली, हळूहळू, एका बाजूच्या दातांनी, नाकाला अन्न लावून घेत. दोन चमचे असेल, जास्त नाही. नंतर मांडीवरून उतरली, उन्हाच्या कवडशात बसली आणि पंजा ओला करून तोंड धुऊ लागली. पत्नी दारातच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी त्या सकाळचा पाठ पूर्ण केला नाही. तो तसाच राहिला आहे.

तोंडाने खाणे पक्के झाल्यावर आणखी दोन आठवड्यांनी नळी निघाली. यकृत पूर्ववत झाले आहे असे कोणी म्हणत नाही, वयही आहेच. पण हे लिहीत असताना ती पडवीत झोपली आहे, आणि आज सकाळी तिने काय खाल्ले आणि किती खाल्ले, हे मला ठाऊक आहे. पूजेला बसण्याआधी मी ते पाहतो.

वाचकहो, हे ज्या घरात वाचले जाईल त्या घराचे नृसिंह रक्षण करो. तिथल्या चुलीवरचे अन्न सर्वांना गोड लागो. घरातले मूल, म्हातारे माणूस किंवा मुके जनावर कधी ताटावरून तोंड फिरवील, तर कोणाचे तरी लक्ष त्याच दिवशी तिकडे जावो, आणि विचारणाऱ्याचा हात मृदू असो. तुमच्या घरी कोणी न सांगता उपाशी न राहो. शुभं भवतु.