खिशात नसलेली लाल तार

आमच्या नाट्यगृहाचं एसी यंत्र सांभाळणाऱ्या मेकॅनिकला आम्ही नटमंडळी काटेभाऊ म्हणायचो. डोळे सतत दाबाच्या घड्याळावरच्या काट्यावर, म्हणून. "कसे आहात?" विचारलं की म्हणायचे, "अडीचशेवर, ताई. म्हणजे ठीक."

त्यांच्याकडे बोटभर लांबीची एक लाल तार असे. गॅसचा दाब फार चढला की यंत्र आपोआप बंद करणारा एक स्विच असतो. तो स्विचच बिघडलाय का, हे बघायला ते दोन मिनिटं ती तार जोडून त्याला निकामी करत, मग काढून सदऱ्याच्या खिशात ठेवत. दुसरी तार कधी बाळगली नाही. खिशात नाही म्हणजे कुठल्यातरी यंत्रात राहिली, हे लगेच कळावं.

त्या दुपारी ते घरी जेवायला बसले. घाम पुसायला रुमाल काढायला गेले आणि हात खिशातच राहिला. तार नव्हती.

सकाळी आमचं यंत्र सारखं बंद पडत होतं. तार लावून त्यांनी स्विच तपासला. दोष स्विचचा नव्हता, बाहेरची जाळी धुळीने बुजली होती. ती धुतली, तोवर मॅनेजर ओरडायला लागला, "आटपा हो, प्रेक्षक यायला लागले!" घाईत पॅनेलचं दार लागलं. तार आत.

आणि यंत्राच्या खोलीच्या भिंतीला लागून कपड्यांची खोली. तिथे त्यांची बायको, आमची वहिनी, इस्त्री करत असायची. प्रयोग चालू म्हणजे सगळ्यांचे फोन बंद. भाऊंनी सायकल काढली. "पायात चप्पल होती का, तेही आठवत नाही," मला नंतर म्हणाले.

आता माझं पाप सांगते. पहिल्या अंकात माझ्या राणीच्या मखमली झग्यावर पाणी सांडलं होतं. यंत्राच्या पंख्यातून गरम हवा येते, लवकर वाळेल, म्हणून मी तो मागच्या अंगणात पंख्याच्या जाळीवरच पसरला. उष्णता बाहेर पडेना. दाब चढत गेला, आणि त्याला अडवणारा स्विच तर मुका झालेला.

झगा न्यायला गेले, तर यंत्र गळा आवळल्यासारखं घुरघुरत होतं. वहिनीने खिडकीतून हाक मारली, "ताई, भिंत थरथरतेय हो!"

इतक्यात भाऊंची सायकल आपटली. "अगं, बाहेर पळ!"

"अहो, इस्त्री चालू आहे, पातळ जळेल..."

"जळू दे!"

ते मात्र यंत्राच्या खोलीत घुसले. उघड्या दारातून मला काटा दिसला. साडेचारशेच्या पुढे गेलेला. त्यांनी खटका पाडला. अशी भयाण शांतता मी रंगमंचावरही कधी अनुभवली नाही. काटा हळूहळू उतरला, तोवर आम्ही तिघांनी श्वास घेतला नसेल.

भाऊंनी तार काढली. "हा माझा गुन्हा."

मी झगा पुढे केला. "आणि हा माझा."

वहिनी आमच्याकडे वळली. "दोघं मिळून मला मारायला निघालात, आणि मी तुमच्याच कपड्यांना इस्त्री करतेय!" म्हणाली, आणि रडायला लागली.

भाऊ स्वतःहून मॅनेजरकडे गेले, सगळं कबूल केलं. पुढे त्यांनी तार हातभर लांब केली. आत राहिली तर पॅनेलचं दारच लागू नये.

परवा भेटले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी "कसे आहात?" विचारलं. उत्तर देण्याआधी त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला.