आधी तुमची झडती

फौजदार बुटासकट चुलीपाशी गेला आणि त्यानं तांदळाचा डबा लाथेनं उलटा केला. आई म्हणाली, "बूट काढ भाऊ, इथी अन्न हाय." तो हसला. माझी पुस्तकं काठीनं ढोसत मला म्हणाला, "तुम्हा लोकांना एवढं वाचायला कशाला लागतं रे?"

मी आलापल्लीकडच्या एका गावात मास्तर. आम्ही बौद्ध. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पुढं काय होणार ते मला पाठ होतं.

कारण त्याआधी दोनदा मी याच फौजदाराचा पंच होतो. झडतीला गावातले दोन साक्षीदार लागतात, आणि सही येणारे आम्ही मोजकेच. झडती उरकली की मला ठाण्यात बोलावत. "बसा मास्तर" म्हणत खुर्ची देत. आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसाला ठाण्यात खुर्ची! मी हुरळून गेलो. पंचनामा तयारच असे. त्यात दर वेळी एक वाक्य: घरात शिरण्याआधी पोलिसांनी स्वतःची अंगझडती पंचांना दिली, आक्षेपार्ह काही मिळाले नाही. तशी झडती मी कधीच घेतली नव्हती. सही मात्र केली, दोन्ही वेळा. दुसऱ्या सहीनं बांबू तोडणारा एक गोंड मजूर चंद्रपूरच्या तुरुंगात गेला. त्याच्या झोपडीत नक्षल्यांची पत्रकं सापडली म्हणे. त्याला अक्षरओळखही नव्हती.

आता फौजदारासोबत आलेल्या जमादाराच्या खांद्यावर खाकी पिशवी होती. तो ती घेऊन माझ्या पुस्तकांकडं सरकत होता.

"साहेब, आधी तुमची झडती द्या. पिशवी उघडा."

आवाज चिरका निघाला. कानाखाली अशी बसली की मी तांदळात पडलो. उठून पुन्हा तेच म्हणालो. पुन्हा बसली. आई रडत होती, मला गप्प राहायला सांगत होती. आज पंच म्हणून आणलेले सायकलवाले चाचा भिंतीला टेकून उभे होते. खाली बघतच ते बोलले, "पिशवी पाह्यल्याबिगर मी सई नाई करत, साहेब."

फौजदार आम्हा दोघांना पाहून घेतो म्हणाला. पंचाची सही मिळेना, म्हणून पिशवी न उघडताच जीप गेली.

मला मात्र सुटल्यासारखं वाटेना. त्या मजुराच्या घरी पिशवी उघडा म्हणणारा कोणी नव्हता. तिथं मी असायला हवा होतो, आणि मी खुर्चीवर बसलो होतो. याची लाज मारापेक्षा जास्त झोंबली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं चंद्रपूर गाठलं. त्या मजुराच्या वकिलाला सगळं सांगितलं. वकील म्हणाले, मास्तर, नोकरी जाईल, कदाचित तुम्हीच आत जाल.

मी म्हणालो, "मले भेव लागते. पण लिहा. सही माझी हाय, अन् त्यातलं मी काईच पाह्यलं नाई. हे मी कोर्टात सांगतो."