खोपीचं दार

फळ्यावर शंकू काढला की पोरं मोबाइलकडं वळतात, म्हणून मी वर्गात गाजर नेतो. विष्णुपुरीच्या कॉलेजात ड्रॉइंग शिकवायला लागलो तेव्हापासूनची ही खोड. आडवं कापलं की वर्तुळ, जरा तिरकं कापलं की लंबवर्तुळ, उतरत्या कडेला समांतर कापलं की अन्वस्त. आणि टोकापासून जरा बाजूला सुरी सरळ उभी खाली आणली की अपास्त. पोरं त्याला हायपरबोला म्हणतात. मला मात्र ती कमान दिसली की आमच्या खोपीचं दार आठवतं.

उदगीरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, वर शेंड्याला बांधून खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पुजायचे आणि मग भज्जी-आंबील खायला दिसेल त्याला बोलवायचं. पेंढ्या बांधायचं काम थोरल्या भावाचं. विळ्यानं सरळ खाली कापत दार पाडायचं काम माझं. नोकरी लागल्यावरही दर येळवशीला रजा टाकून मी त्यासाठी भल्या पहाटे निघायचो.

गेल्या वर्षी माझ्या वाट्याचं रान मी भावाच्या नावावर करून दिलं. मला कसायचं नव्हतं, त्याला हवं होतं. भांडण नाही, तंटा नाही.

यंदा त्याचा फोन आला. "येळवशीला ये बरं जेवायला. ऊन चढल्यावर आलास तरी चालतंय, घाई न्हाई."

"हाव, येतो," म्हणालो आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांत मला येळवशीचं आवतण कधी आलं नव्हतं. आवतण पाव्हण्याला देतात. घरच्यानं उशीर केला तर शिव्या खायच्या असतात. बायको पुण्याला लेकीकडं गेलेली, घरात बोलायला कुणी नाही. वर्गातून परत आणलेले गाजराचे तुकडे मीठ लावून उभ्याउभ्याच खाल्ले. फार एकटं वाटलं. राग तर त्याहून जास्त आला, पण कुणाचा ते ठरेना.

तरी येळवशीला पहाटेच निघालो. रानात पोचलो तर खोप बांधून तयार. दार पाडलेलं होतं, पण एका अंगाला गेलेलं, कडा ओबडधोबड. वर्गात कुणी असं काढून आणलं असतं तर मी कागद परत दिला असता.

"विळा दे आण्णा, नीट करतो."

"ऱ्हाऊ दे रे, तू कशाला तरास घेतूस? बस निवांत," भाऊ हसून म्हणाला. अगदी मायेनं म्हणाला.

वहिनीनं सतरंजी अंथरली. मी बसलो. आमच्याकडं पहिलं ताट पाव्हण्याचं असतं. ते माझ्यापुढं आलं.