उरल्या

विंझरच्या पुढे वेल्ह्याच्या रस्त्यावरून डावीकडे डोंगरात वळलं की एक वाडी लागते. तिचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवलं. आठवडाभर विंझरला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी भोरला घरी जायचे.

श्रावणात शेवटच्या तासाला वर्गात इतका अंधार व्हायचा की फळा दिसायचा नाही. वीज तर नसायचीच. पुस्तकातल्या गोष्टी सांगून संपल्या, तेव्हा मी स्वतःच एक पुराण रचायला घेतलं. रोज थोडं थोडं, सुचेल तसं. त्यात देव जग वाटून घेतात. कुणी उजेड घेतो, कुणी पाणी, कुणी धान्य. सगळं वाटून झाल्यावर एक गोष्ट शिल्लक राहते. ती कुणालाच नको असते. तिचं नाव मी ठेवलं उरल्या.

उरल्या मरत नसे. देवांनी त्याला जाळलं, तर तो राखेत राहिला. राख नदीत टाकली, तर माशात राहिला. मुलं श्वास रोखून ऐकायची. दर दिवशी कुणीतरी नवी युक्ती सुचवायचं आणि मी ती हाणून पाडायचे. मला त्यात मजा येत होती, हे आज कबूल करते.

शेवटी गोष्ट कुठंतरी थांबवायला हवी होती. मी सांगितलं, की उरल्याला कुणीतरी आपल्या घरात जागा द्यायची, म्हणजे बाकीचं गाव वाचतं. जागा कोण देणार? मी एक म्हातारी आणली. एकटी राहणारी, एका डोळ्यात फूल पडलेली, दारात शेळी बांधलेली. ती गेली तरी कुणाला चुटपुट लागू नये, अशीच मला हवी होती.

शाळेच्या ओट्यावरून समोर एक घर दिसायचं. त्या घरात एक विधवा बाई राहायची. मी तिला मावशी म्हणत असे. तिच्या डाव्या डोळ्यात फूल होतं आणि दारात शेळी होती. खोटं वाटेल, पण गोष्ट सांगताना ती माझ्या मनात एकदाही आली नाही.

भातकापणीच्या सुमारास वाडीत एक म्हैस मेली. मग दोन मुलांना ताप आला. एकदा मधल्या सुट्टीत मुलं मावशीच्या घरावरून न जाता खालच्या ओढ्यातून वळसा घालून येताना दिसली. मी चौथीतल्या एका मुलीला विचारलं.

"तिच्याकडं उरल्या हाय, मॅडम," ती म्हणाली. "तिच्या सावलीत पाय पडला तर येतो मागं."

"अगं, ती गोष्ट मी रचली होती. खोटी आहे ती."

तिने मान हलवली. विश्वास ठेवल्याची ती मान नव्हती.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई वैरण टाकत होती. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी रचली असंल, मॅडम. पन तुमाला सुचवली कुनी? आमची म्हस मेली ती काय गोष्टीत मेली का?"

मग मी पोलीस पाटलांना भेटले. ते समजूतदार होते. म्हणाले, "जादूटोण्याचा कायदा हाय, मॅडम, मला ठावं हाय. पन कुनी हात लावला का तिला? शिवी दिली का? लोकं तिच्याकडचा च्या पीत न्हाईत. त्याची तक्रार कशी लिवायची?"

मावशीकडे जायचं धाडस मला आठवडाभर झालं नाही. गेले तेव्हा ती शेळीचं दूध काढत होती. दूध घ्यायला आता कुणी येत नव्हतं. मी जमिनीवर बसले आणि सुरुवातीपासून सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तुमच्या आधी बी व्हतंच की, बाई," ती म्हणाली. "मालक गेले तवापास्नं माज्या म्होरनं कुनी लेकरू न्हेत न्हाई. फकस्त त्याला नाव नव्हतं. तुमी नाव दिलं."

रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुराणाचा नवा शेवट सांगितला. उरल्याला त्यात ऊन लागतं आणि तो विरघळून जातो. कुणी टाळी वाजवली नाही. चौथीतली तीच मुलगी उभी राहिली. "तुमीच सांगितलं हुतं, त्यो मरत न्हाई."

पौषात मावशीचा भाचा भोंगवलीहून टेम्पो घेऊन आला. एक पेटी, दोन हंडे आणि शेळी. निरोपाला मी एकटीच होते. वाडीतली दारं उघडी होती आणि त्यांत कुणी उभं नव्हतं.

पुढे माझी बदली झाली. वर्षभर मी मनाला समजावलं, की ती भाच्याकडे सुखात असेल आणि वाडीतलं ते खूळ तिच्याबरोबर संपलं असेल. मग गेल्या उन्हाळ्यात कापूरहोळच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना ती मुलगी भेटली. आता ती मोठ्या शाळेत जात होती. मी वाडीची खुशाली विचारली.

"बरं हाय समदं. उरल्या आता खालच्या आळीत गेलाय," तिने सहज सांगितलं. "तिथल्या एका वैनीकडं. पाच वर्सं झाली लगनाला, मूल न्हाई."

भोरची गाडी आली. मी चढले नाही. वेल्ह्याची धरली.

खालच्या आळीतलं ते घर विचारावं लागलं नाही. भर दुपारी त्याच्या दोन्ही बाजूच्या घरांची दारं लावलेली होती. ती बाई पंचविशीची असेल. मी पाणी मागितलं, तशी आधी तिने रस्त्याकडे पाहिलं.

"तुमी कशाला आलात, मॅडम? आता तुमच्यावर बी बोलतील."

"बोलू देत," मी म्हणाले.

तिला मी खरं अजून सांगितलेलं नाही. मावशीचे शब्द पुन्हा ऐकायला लागतील, ही भीती आहे. पण महिन्यातून एकदा मी जाते आणि तिच्याकडचा चहा पिते. मागच्या खेपेला तिने खुर्ची आतल्या खोलीत ठेवली होती. "आत बसा, कुनाला दिसायचं न्हाई," ती म्हणाली. मी खुर्ची उचलून ओट्यावर आणली. समोरच्या घरातून कुणीतरी पोराला हाक मारून आत घेतलं आणि कडी लावली. तो आवाज आम्हा दोघींना ऐकू आला. ती चहात साखर ढवळत राहिली.