भिंत वाचणारी शालू आणि आमची सिंधूआजी

वर्षभर हे लिहायचं टाळलं.

आधी मोबाईल फुटला, मग मी रायपूरला होतो, मग भोपाळला. खोटं कशाला बोलू? लिहिलं असतं तर ती गेली हे मान्य करावं लागलं असतं.

आज सिंधूआजीला जाऊन वर्ष झालं.

माझ्या आजीची धाकटी बहीण. सरकारी नर्स. अख्खी गल्ली तिला सिस्टरबाई म्हणायची, आणि ती अख्ख्या गल्लीला ओरडायची.

मी कॉलेज सोडून भटकायला लागलो तेव्हा घरात कुणी धड बोलत नव्हतं. ही मात्र नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये तर्रीपोहे पुढे ठेवायची. "काय पाहून आला गा? सांग."

(तिच्या तर्रीवर वेगळी पोस्ट होईल. असो.)

माझं झालं की तिचं सुरू. नेहमी एकच. कामठीचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळेतल्या पोरांची सरकारी खर्चाने तपासणी तेव्हा तिच्या ऑफिसकडून फक्त शहरातल्या शाळांत व्हायची. वजन, दात, डोळे. औषध फुकट, चष्मा फुकट.

आजीने साहेबांच्या मागे लागून लागून तपासणीची गाडी कामठीच्या विणकर वस्तीतल्या शाळेत नेली.

साहेब म्हणाले, "एकदा जाऊन पाहा. पोरांत काही निघालं तर दरवर्षी पाठवू. नाही तर कशाला डिझेल जाळायचं?"

डोळ्यांचा तक्ता आदल्या दिवशीच शाळेत पोचला होता.

मास्तरांना वाटलं, इन्स्पेक्शन आहे.

मग काय! तक्ता फळ्यावर उतरवला आणि पाढ्यांच्या चालीत संध्याकाळपर्यंत घोकून घेतला. मोठी ओळ, मधली ओळ, बारीक ओळ.

दुसऱ्या दिवशी पोरं येतात, एक डोळा झाकतात, आणि सगळ्यात बारीक ओळ घडाघडा म्हणतात.

"मी बी खुश," आजी सांगायची. "म्हटलं, काय नजर आहे कामठीच्या पोरायची!"

शेवटी आली शालू. फळ्यावरचं नेहमी चुकीचं उतरवायची. मठ्ठ आहे म्हणून बाप तिला शाळेतून काढून यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायला बसवणार होता.

शालू म्हणायला लागली. दुसऱ्या ओळीला वारा आला आणि तक्ता खिळ्यावरून खाली पडला.

शालू थांबली नाही.

रिकाम्या भिंतीकडे पाहत शेवटच्या अक्षरापर्यंत गेली.

आजी हसली. हसून हसून खाली बसली. मग उठून बोटं वर धरली. "हे किती वं पोरी?"

शालू मास्तरांकडे पाहायला लागली. हे त्यांनी शिकवलंच नव्हतं.

"सगळी लाईन पुन्हा लावा," आजी म्हणाली.

"काहून?" मास्तर लाल झाले. "एवढं सुंदर म्हणून राहिले लेकरं, अन् तुम्ही त्यायले नापास करता? तसेही लोकं विणकराच्या पोरायले ढच म्हणतात!"

"मास्तर, पोरगी भिंत वाचून राहिली! तुमची शाळा पास झाली तर ही गाडी पुन्हा नाही यायची इथं."

मग बोटांवर तपासणी झाली. बरीच पोरं नापास.

गाडी दरवर्षी जायला लागली. पुढे शेजारच्या कन्हान गावालाही. शालूला चष्मा मिळाला, कांड्या भरणं टळलं.

मी एकदा ती शाळा शोधायला निघालो होतो. कन्हान नदीत पोहून परत आलो. शाळा राहिलीच.

मास्तर मात्र पुन्हा कधी आजीशी बोलले नाहीत. गाडी आली की मागच्या वर्गात जाऊन बसायचे.

तिला तेच लागून राहिलं होतं. "त्याचं काय चुकलं गा? जीव तोडून शिकवलं बिचाऱ्यानं. मी सगळ्यायपुढं हसाले नोको होतं."

शेवटच्या आजारपणातही विचारायची, "कामठीहून कोणी आलं का?"

आम्ही नाही म्हणायचो.

इथेच संपवणार होतो. जिन्यात बसून टाईप करतोय, आत वर्षश्राद्धाच्या खुर्च्या लागताहेत.

पण आत्ताच खाली ऑटोतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. काठी, इस्त्रीचा पांढरा सदरा. पेपरात आजीच्या वर्षश्राद्धाचा फोटो आणि पत्ता पाहिला म्हणे.

"सिस्टरबाईचं घर हेच का गा?"

"हो. तुम्ही?"

"मी कामठीचा मास्तर. त्यायच्या परीक्षेत नापास झालेला."

आजी, आला वं तुझा मास्तर.

झोप आता निवांत. मी त्यांना हात धरून वर आणतो.