ताईच्या स्वप्नांची सोळा पानं

छापखान्यात तिला सगळे घडीबाई म्हणत. कुठलंही छोटं पुस्तक छपाईला जायच्या आधी ती रद्दीतले चार कागद घ्यायची, मधोमध दुमडून एकात एक घालायची, त्यावर पेन्सिलीनं पानांचे आकडे टाकायची आणि ते खोटं पुस्तक पुढून-मागून उलटून पाहायची. त्याशिवाय फाइल मशीनवर जाऊ द्यायची नाही. कुणी घाई केली की विचारायची, "घडी घालून पाहिली? नाही ना? मग चहा प्या निवांत." मोठमोठे साहेब मुकाट्यानं चहा प्यायचे.

तेवीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच कॉम्प्युटरवर बसून तिनं लोकांची पुस्तकं लावून दिली होती. अहवाल, माहितीपत्रकं, शाळांची वार्षिकं, एका निवृत्त मास्तरांचं आत्मचरित्रसुद्धा, जे मास्तरांखेरीज फक्त तिनंच शेवटपर्यंत वाचलं असेल. स्वतःसाठी म्हणून तिनं कधी एक ओळ छापली नव्हती. आता छापायची होती, पण तीही तिची नव्हती. ताईची होती.

ताई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी. नऊ वर्षांपूर्वी घडीबाईचा नवरा गेला आणि ही बाई अंथरुणातून उठेनाशी झाली. रडायची नाही, बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून नुसती पडून राहायची. दुपार व्हायची, संध्याकाळ व्हायची. छापखान्यानं दोन महिने कळ काढली. मग एके दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला.

"धाकटे, मला काल काय स्वप्न पडलं माहितीये?" ताई म्हणाली. "आपल्या जुन्या घराला एक जास्तीची खोली निघाली बघ. कपाटामागं दार होतं. आत दिवा लावलेला, आणि खुर्चीत पाठमोरं कुणीतरी बसलेलं. मी हाक मारली तर वळून बघते, तर आई. मांडीवर शिवण घेऊन बसलेली. मला म्हणते कशी, धाकटी उठली का गं?"

आईला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. घडीबाई उठून बसली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आईनं विचारलंय म्हटल्यावर पडून कसं राहायचं.

दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा फोन, पुन्हा नवीन स्वप्न. तिसऱ्या दिवशीही. ताईला स्वप्नं पडायची म्हणजे काय पडायची! एकदा गल्लीत समुद्र आला आणि शेजारणी एकमेकींकडे उसनी वल्ही मागत फिरल्या. एकदा बसमध्ये गुडघाभर पाणी, आणि कंडक्टर माशांची तिकिटं फाडतोय. घडीबाई फोन कानाला लावून चहा टाकायची आणि स्वप्न संपेपर्यंत तिची वेणी झालेली असायची. छापखान्यात पोचली की खराब कागदाच्या पाठीवर ते लिहून काढायची. टेबलाचा खालचा खण अशा कागदांनी भरून गेला. कधीकधी दुपारी काम करता करता तिचा डोळा लागल्यासारखं व्हायचं, आणि खिडकीबाहेरचा रस्ता हळूच पाण्यावर डोलायला लागायचा. तिला स्वतःला मात्र स्वप्न म्हणून पडायचं नाही. अंथरुणाला पाठ टेकली की सकाळ.

मग ताईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गुरुवारी ऑपरेशन, स्वरयंत्र काढावं लागणार, जीव वाचेल, आवाज जाईल.

त्या दिवशी घडीबाईनं मनाशी पक्कं केलं. ताईची निवडक सात स्वप्नं घेऊन एक पुस्तक करायचं, हल्लीची मुलं घरच्या घरी करतात आणि त्याला झीन म्हणतात तसलं. बुधवारी ते ताईच्या हातात द्यायचं, आणि ताईनं ते एकदा, एकदाच, मोठ्यानं वाचायचं. आपण फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचं. मग रोज सकाळी सातला लावता येईल. बाकी तिला काही नको होतं, पण हे नसेल तर सकाळ कशी होणार हेच तिला कळत नव्हतं.

सोळा पानं बसली. पहिल्या पानावर नाव, मग प्रत्येक स्वप्नाला समोरासमोरची दोन पानं, आणि सोळावं पान कोरं. वरून निळ्या जाड कागदाचं वेगळं कव्हर. अक्षरं थोडी मोठी ठेवली, ताईचा चष्मा जुना होता. समास भरपूर सोडला, म्हणजे धरताना अंगठा मजकुरावर येऊ नये. पानांचे आकडे मात्र तिनं काढून टाकले. स्वप्नाला कसला आलाय क्रमांक, तिला वाटलं. दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

पुस्तक दुमडून शिवायचं असेल तर कागदावर पानं क्रमानं येत नाहीत. सोळाव्याशेजारी पहिलं, दुसऱ्याशेजारी पंधरावं, चौदाव्याशेजारी तिसरं. दोघांची बेरीज नेहमी सतरा. हल्ली ही जुळणी मशीनच करतं, फाइल सरळ क्रमानं द्यायची आणि बुकलेटचं बटण दाबायचं. पण ताईच्या पुस्तकाची जुळणी यंत्रानं करावी हे घडीबाईला पटेना. तिनं एकेक पान उचलून हातानं लावलं. वाचताना ज्यांची कधी गाठ पडणार नाही ती दोन पानं कागदावर मात्र एकमेकांना खेटून झोपलेली, हे बघत ती बराच वेळ बसून राहिली. जास्तीच्या खोलीशेजारी बस, समुद्र आला त्या गल्लीशेजारी भलतंच स्वप्न. चहा निवला. साहेबांनी दोनदा हाक मारली, तिला ऐकू गेली नाही.

बुधवारी दुपारी फाइल तिनं मशीनवाल्या काकांकडे दिली.

"घडी?" काकांनी थट्टेनं विचारलं.

"माझ्या ताईचं आहे ते, काका. त्यात काय चुकतंय."

तिनं सांगायला हवं होतं, की जुळणी करून दिलीय, नुसतं पाठपोट छापा. ती सांगायला विसरली, आणि काकांचं बोट सवयीनं बुकलेटच्या बटणावर गेलं. जुळलेल्या पानांची मशीननं इमानेइतबारे पुन्हा जुळणी केली. कोरं पान सगळ्यात आधी आलं, त्यामागं नाव, नावासमोर पहिल्या स्वप्नाची सुरुवात. इथवर कुणालाही संशय येऊ नये असंच होतं. पुढं सगळा सावळागोंधळ. पंचवीस प्रती तिनं स्वतः दुमडल्या, कव्हर घातलं, मधोमध दोन-दोन पिना मारल्या. आत वाचून बघितलं नाही. तिला ते पाठच होतं.

दवाखान्यात ताई खिडकीशी बसली होती. आवाज आधीच घोगरा झालेला. पुस्तक तिनं उलटसुलट करून पाहिलं, निळ्या कव्हरावरून हात फिरवला.

"माझं? बाई बाई. लोक वेड्यात काढतील मला."

"वाच ना. मोठ्यानं." घडीबाईनं फोन उशीवर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

ताईनं चष्मा चढवला. जुनं घर आलं, कपाट आलं, कपाटामागचं दार आलं. घडीबाईनं डोळे मिटले. पुढं काय ते तिला माहीत होतं, तिथं पोचायचीच ती वाट बघत होती.

"खुर्चीत पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. मी हाक मारली," ताईनं पान उलटलं, "तेव्हा कंडक्टर म्हणाला, माशांना अर्धं तिकीट. मग बस हळूच पाण्यावर उचलली गेली आणि..."

घडीबाईनं डोळे उघडले. कुठलं पान कुठं गेलंय, का गेलंय, हे तिला एका क्षणात कळलं. काका, बटण, न घातलेली घडी. तेवीस वर्षांत नाही झालं ते आज. ताई मात्र वाचतच होती. बस तरंगली, पलीकडच्या पानावर तीच बस पुन्हा थांब्यावर उभी राहिली, ताई वाचतच होती. कुठं अडखळली नाही, की भुवई उडाली नाही.

"ताई, थांब. पानं चुकलीत. माझी चूक आहे. तुला कळलं नाही का?"

"काय?"

"खुर्चीत आई होती ना."

ताई पुस्तकाकडे बघत राहिली. मग हसायला लागली, हसता हसता खोकली, पाणी प्यायली.

"कळायला मी ते बघितलेलं असायला हवं ना गं," ती म्हणाली. "मला आयुष्यात एक स्वप्न पडलेलं नाही, धाकटे. कुंभकर्णासारखी झोपते मी, माहीत नाही तुला? तू उठत नव्हतीस. साडेसहाला ओट्यापाशी उभी राहून जुळवायचे काहीतरी. सांगितलं की गेलं डोक्यातून."

"सगळी?"

"सगळी."

"आईचं पण?"

ताईनं चष्मा काढला. "आईचं पण. रागावलीस?"

घडीबाईनं नऊ वर्षं जे आईचं बोलावणं म्हणून जपलं होतं ते गेलं, आणि त्या जागी साडेसहाला ओट्यापाशी उभी असलेली ही बाई आली, जिला स्वतःचे संधिवाताचे गुडघे होते, दोन मुलांचे डबे होते. घडीबाई ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. नवरा गेला तेव्हा राहिलेलंही त्यात रडून झालं. ताई तिच्या केसांतून हात फिरवत होती आणि घोगऱ्या आवाजात म्हणत होती, "काय गं हे, किती केस गळतायत तुझे, तेल लावत नाहीस." फोनवर तेही सगळं उतरत होतं.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी सकाळी भेटायला सोडलं. ताई उशीला टेकून बसली होती, गळ्याला जाड पट्टी, हाताशी नर्सनं दिलेली वही आणि पेन. चेहरा उतरलेला. घडीबाई आत आली तरी तिनं मान वळवली नाही, भिंतीकडेच बघत राहिली.

घडीबाईनं स्टूल जवळ ओढलं. बसमध्ये तिनं सगळं ठरवून आणलं होतं, आता त्यातला एक शब्द आठवेना.

"एक छापखाना होता," ती म्हणाली. "म्हणजे आमचाच. पण छत नव्हतं. आणि काका मशीनमधून कागदांऐवजी... काय ते... पक्षी काढत होते. चपटे. घडी घातलेले." तिची तिलाच लाज वाटली. "आणि ते सगळे पक्षी माझ्या टेबलावर येऊन बसले, आणि मला उघडावे कसे ते कळेना."

यापलीकडे तिला खरंच काही सुचत नव्हतं.

ताईनं भिंतीवरची नजर काढली. वही ओढली, सावकाश काहीतरी लिहिलं आणि तिच्यापुढं धरली.

"पुढं?"